म्हातारपणचें अक्षर

समर्थ रामदासांविषयीं बोलावयाचें म्हटलें म्हणजे वक्ता बहुधा दोन वाटांपैकीं एक वाट धरतो. एक तर तो त्यांच्या परमार्थाकडे वळतो, नाहीं तर शिवछत्रपतींशीं त्यांची भेट केव्हां झाली आणि तिचा परिणाम काय झाला ह्या वादांत शिरतो. पहिल्या विषयाचा मला अधिकार नाहीं. दुसऱ्याचा निकाल माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या प्राथमिक शिक्षकाच्या हातून लागण्याजोगा नाहीं, आणि त्या भांडणांत भर घालण्याची माझी इच्छाहि नाहीं. आज मला समर्थांच्या एका अगदीं साध्या अंगाविषयीं बोलावयाचें आहे. तें अंग म्हणजे त्यांची लेखणी. बाराव्या वर्षीं घर सोडलेला हा मुलगा वयाचीं त्र्याहत्तर वर्षें पुरीं करून गेला, आणि एवढ्या दीर्घ आयुष्यांत त्याची लेखणी कोमेजली नाहीं. तारुण्यांत पुष्कळ लोक लिहितात, गातात, चित्रें काढतात. साठीनंतरहि तें चालू ठेवणारे थोडे. समर्थांनीं तें कसें चालू ठेविलें असावें ह्याचा माग त्यांच्याच ग्रंथांत सांपडतो, आणि तो आपणांपुढें ठेवण्याचा आज माझा विचार आहे.

आमच्या जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत जांब हें गांव आहे. लोक आतां त्याला जांब समर्थ म्हणतात. तेथें शके १५३० च्या रामनवमीस, म्हणजे इ. स. १६०८ सालीं, सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई ह्यांच्या पोटीं नारायणाचा जन्म झाला. घर कुळकर्ण्यांचें. कुळकर्ण्यांचें घर म्हटलें कीं बोरू, दौत आणि रुमालांत बांधलेलें दप्तर हीं आलींच. मूल रांगतां रांगतां शाईंत हात घालणार! थोरले बंधु गंगाधरपंत, ज्यांना संप्रदायांत श्रेष्ठ म्हणतात, ते घरींच राहिले. त्यांनीं संसार केला, आणि तो करतां करतां ‘भक्तिरहस्य’ व ‘सुलभोपाय’ हे दोन ग्रंथ लिहिले. धाकट्याच्या तेजापुढें थोरला झांकोळून गेला. परंतु लेंकरेंबाळें आणि शेतीवाडी सांभाळून लिहिणाऱ्यांनीं तरी श्रेष्ठांचें नांव विसरूं नये असें मला वाटतें. आमच्या जिल्ह्यांतहि त्यांचे ग्रंथ उघडून पाहणारा विरळा.

नारायण मात्र घरांतून निघाला तो नाशिकजवळ टाकळीस येऊन राहिला. तेथील बारा वर्षांच्या तपाविषयीं, नदीच्या पाण्यांत उभें राहून केलेल्या जपाविषयीं, आपण सर्वांनीं ऐकलें आहे. त्या काळांतलें म्हणून सांगतात तें दुसरें एक काम कमी लोकांना ठाऊक असतें. वाल्मीकिरामायणाची संस्कृत पोथी त्यांनीं स्वतःच्या हातानें उतरून काढली. समर्थांच्या हातची म्हणून ती पोथी धुळ्यास समर्थ वाग्देवता मंदिरांत जपून ठेविलेली आहे. वाल्मीकिरामायण म्हणजे चोवीस हजार श्लोकांचा ग्रंथ गणला जातो. आजच्या मुलाला वीस ओळी उतरून आण म्हटलें तर तो तोंड वाकडें करतो. (ही तक्रार मी नोकरीभर करीत आलों, आणि माझ्या गुरुजींनीं तीच माझ्याविषयीं केली होती.) दुसऱ्याचें उत्तम काव्य आपल्या हातांतून अक्षर अक्षर जाऊं देणें ही होणाऱ्या कवीची मोठी शाळा होय. ह्या शाळेंत कान तयार होतो, मनगट तयार होतें आणि मुख्य म्हणजे बसण्याची संवय होते.

पुढें देशभर फिरून १६४४ च्या सुमारास समर्थ कृष्णाकांठीं आले. १६४८ सालीं चाफळास राममंदिर झालें. मठ, महंत, शिष्य आणि उत्सव ह्यांचा पसारा वाढूं लागला. ज्याच्यामागें एवढा व्याप, त्यानें लिहिणें पुढें ढकललें असतें तर त्याला कोणीं दोष दिला नसता.

दासबोध म्हटला कीं शिवथरच्या घळींत एका बैठकींत सांगून संपविलेला ग्रंथ, असें चित्र आपल्या डोळ्यांपुढें येतें. ग्रंथ स्वतःविषयीं निराळें सांगतो. त्याचे वीस दशक, दशकाला दहा समास, असे दोनशें समास आणि सुमारें पावणेआठ हजार ओव्या. ह्याच्या पूर्वीं एकवीस समासांचा एक लहान ग्रंथ समर्थांनीं केला होता, त्याला जुना दासबोध म्हणतात. मोठ्या दासबोधाच्या सहाव्या दशकांत कलियुगाचीं ४७६० वर्षें लोटल्याचा उल्लेख आहे. गणित मांडलें तर तो काळ इ. स. १६५९ च्या आसपासचा येतो. समर्थांनीं त्या वेळीं पन्नाशी ओलांडली होती. अभ्यासक असेंहि सांगतात कीं पहिले सात-आठ दशक एका सलग विचारानें रचलेले दिसतात, आणि पुढचे पुष्कळसे समास निरनिराळ्या प्रसंगीं लिहून मागाहून एकत्र ओंवलेले आहेत. हें खरें धरलें तर पन्नाशी ओलांडली तेव्हां ह्या गृहस्थाचा निम्म्याहून अधिक ग्रंथ अजून लिहावयाचा होता! आमच्यापैकीं बहुतेक जण त्या वयाला निवृत्तिवेतनाचा हिशेब करूं लागतात.

रोज थोडें तरी लिहीत जावें आणि वाचन अखंड ठेवावें, हा समर्थांच्या नांवावरचा उपदेश आमच्या शाळांच्या भिंतींवर रंगविलेला असतो. मीं स्वतः तो दोन शाळांच्या भिंतींवर रंगविला. परंतु उपदेश भिंतीवर राहतो आणि मूल मोठें होऊन निघून जातें. रोज लिहावें हें खरें. पण तें म्हातारपणापर्यंत जमावें कसें, हें भिंत सांगत नाहीं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभींचा लेखनक्रियेचा लहानसा समास तें सांगतो. ब्रह्मनिरूपणाच्या ओढीनें आलेला वाचक तो चटकन ओलांडून जातो. मी अक्षर शिकविणारा मनुष्य असल्यामुळें त्याच्यापाशीं थांबलों.

त्यांत समर्थ काय सांगतात तें माझ्या शब्दांत सांगतों. बाळबोध अक्षर घोटून घोटून असें करावें कीं जाणत्यालाहि तें पाहून समाधान व्हावें. तें वाटोळें, सरळ, सुटें आणि काळ्याभोर शाईचें असावें. ओळी मोत्यांच्या सरांसारख्या जाव्यात. काना, मात्रा, वेलांटी ह्यांतील अंतर नेमकें राखावें आणि एका ओळीनें दुसरीला स्पर्श करूं नये. ग्रंथाचें पहिलें अक्षर जसें, तसेंच शेवटचें. जणूं सारा ग्रंथ एकाच टांकानें लिहिला आहे असें वाटावें. पुढें साधनांची यादी येते. बोरू निरनिराळ्या देशांतून आणावे आणि ते घट्ट, बारीक व सरळ पाहून घ्यावे. टांक तोडण्याचे प्रकार, रेघा आंखण्याचे प्रकार, हिंगूळ, अळिता, शाईचा सांठा, घोटलेल्या फळ्या, पोथ्या गुंडाळण्याचीं बासनें. वाण्याकडच्या यादीसारखी ही यादी वाचतांना मला नेहमीं गंमत वाटते. ज्यानें वासना सोडावयास शिकविलें, त्याला बोरूची मात्र केवढी वासना!

पण माझ्या आजच्या विषयाला लागणाऱ्या गोष्टी ह्या यादीच्या आधींच येऊन गेलेल्या आहेत. एक अशी कीं, तरुणपणीं फार बारीक अक्षर काढूं नये. तें म्हातारपणीं उपयोगीं पडत नाहीं. लिहिण्याची रीत मध्यम असावी. दुसरी अशी कीं, पानाच्या भोंवतीं कोरी जागा सोडावी आणि मजकूर मधोमध लिहावा, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाहीं. ज्या कोऱ्या जागेला आपण मराठींत समास म्हणतों, ती सोडण्याविषयीं दासबोधाचा हा समास सांगतो. हा केवळ शब्दाचा योगायोग, पण मुलांच्या तो चांगला ध्यानांत राहात असे.

श्रोतेहो, ह्या दोन सूचना तारुण्याच्या उत्साहांतून आलेल्या वाटत नाहींत. ज्याचे डोळे थकूं लागले आहेत, ज्यानें जुन्या पोथ्यांच्या झडलेल्या कडा हातांत धरून पाहिल्या आहेत, त्याच्याच तोंडून हें निघावें. म्हातारपणीं हौस मरते असें आपण म्हणतों. मला तें खरें वाटत नाहीं. आधीं डोळा जातो, मनगट जातें, कागद जातो. त्यांच्यामागून हौस जाते. समर्थांनीं हौसेविषयीं व्याख्यान न देतां डोळा, मनगट आणि कागद ह्यांची तरतूद सांगितली, आणि तीहि तरुणाला सांगितली.

इतकें वाचून आणि शिकवून मीं स्वतः काय केलें, तें लपवून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १९८७ च्या सुमारास माझी आई ज्या जात्यावरच्या ओव्या म्हणे त्या मी उतरून घेऊं लागलों. गांवांत पिठाची गिरणी येऊन पुष्कळ दिवस झाले होते आणि जातें कोपऱ्यांत उभें करून ठेविलेलें होतें. आई गहूं निवडतांना किंवा वाती वळतांना म्हणे, आणि मी समोर बसून लिहीत असें. त्यांच्याखालीं कधीं कधीं त्याच चालीवर माझ्या स्वतःच्याहि चार ओळी घालीत असें. त्यांची योग्यता मी ओळखून आहें. पगार बेताचा होता, आणि बारीक अक्षराचा मला मोठा अभिमान होता. वहीच्या एका पानावर साठ साठ ओळी बसवून मी त्या सोबतच्या शिक्षकांना दाखवीत असें. समास तर मुळींच सोडला नाहीं. कागद वायां कशाला घालवावयाचा? दिवसा मुलांना मध्यम अक्षर आणि चारी बाजूंस समास शिकवावयाचा, आणि रात्रीं घरीं येऊन नेमकें उलट करावयाचें, असें कित्येक वर्षें चाललें. पुढें बदल्या, मुलांचीं शिक्षणें, घराचें बांधकाम ह्यांत तें लिहिणेंहि सुटलें.

निवृत्त झाल्यावर, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाल्यावर, मीं त्या सात वह्या ट्रंकेंतून बाहेर काढल्या. माझें अक्षर मलाच लागेना. भिंग घेतलें तेव्हां लागलें. परंतु कसरीनें पानांच्या कडा खाल्ल्या होत्या, आणि पुष्कळ ठिकाणीं ओळीचें पहिलें अक्षर, कोठें पहिला सबंध शब्द गेला होता. जात्यावरची ओवी कोणाला उद्देशून आहे, भावाला, लेकीला कीं पंढरीच्या विठ्ठलाला, तें पुष्कळदां पहिल्या शब्दांतच असतें. तोच शब्द नाहीं. आई २००३ सालीं वारली. विचारावयाचें कोणाला? एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास मला त्या दिवशीं खऱ्या अर्थानें समजला असें म्हणावयास हरकत नाहीं.

बरें, अक्षर मध्यम ठेविलें, समास सोडला, तरी मनगट थकावयाचें तें थकतेंच. त्याचीहि तरतूद समर्थांनीं केली होती, आणि तिचें नांव कल्याण. अंबाजी नांवाचा हा शिष्य पुढें कल्याणस्वामी म्हणून प्रसिद्ध झाला. समर्थांनीं सांगावें आणि कल्याणानें लिहून घ्यावें, असा क्रम संप्रदायाची परंपरा सांगते. हें दिसतें तितकें सोपें नाहीं. ज्याला स्वतःच्या हातानें लिहिण्याची संवय आहे त्याचे विचार बोटांतून उतरतात. ते तोंडानें सांगावयाचे म्हणजे पन्नाशीनंतर नव्यानें चालावयास शिकणें आहे. लिहून घेणाराहि सांगणाऱ्याच्या हाताइतकाच भरंवशाचा असावा लागतो.

ह्यावरून मला एका परदेशी कवीची आठवण होते. इंग्लंडांतला मिल्टन हा कवि समर्थांच्याच सालीं, १६०८ मध्यें, लंडन शहरीं जन्मला. दोघांना एकमेकांची वार्ताहि असणें शक्य नव्हतें. १६५२ पर्यंत मिल्टनची दृष्टि पुरती गेली. त्यानंतर त्यानें आपलें ‘पॅरडाइज लॉस्ट’ हें महाकाव्य दुसऱ्यांकडून लिहवून घेतलें. रात्रीं तो ओळी मनांत जुळवी आणि सकाळीं जो कोणी लिहिणारा येईल त्याला सांगे. तें काव्य १६६७ सालीं छापून निघालें. कवि तेव्हां अठ्ठावन वर्षांचा होता. एक राजकारणांत पराभव पावलेला आंधळा गृहस्थ, दुसरा डोंगरांतला संन्यस्त पुरुष. परंतु दोघांच्याहि घडणींत तरुणपणीं केलेला अभ्यास आणि उतारवयांत उसना घेतलेला हात ह्या दोन गोष्टी सारख्या दिसतात.

माझ्या एवढ्या बोलण्यावरून ज्याचें अक्षर चांगलें नाहीं त्यानें लेखणी खालीं ठेवावी असें कोणी समजूं नये. नाशिकजवळच्याच जलालपूर गांवीं १८६८ सालीं जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक ह्यांना लग्न झालें तेव्हां वाचतांहि येत नव्हतें. पति नारायण वामन टिळक १९१९ सालीं वारले, तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें ओवीबद्ध काव्य अपुरें राहिलें होतें. बाईंनीं तें हातीं घेऊन साठांहून अधिक अध्याय लिहिले. त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या आत्मकथेचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला, म्हणजे वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं. मराठींतल्या उत्तम गद्यांत त्या पुस्तकाची गणना होते. बाईंच्या घरांत त्यांचा मुलगा देवदत्त होता. लिहा म्हणून मागें लागणारें आणि लिहिलेलें सांभाळणारें असें माणूस घरांत असणें हेंहि एक साधनच आहे, जरी तें बोरू आणि हिंगूळ ह्यांच्या यादींत बसत नाहीं.

१६७६ पासून समर्थ सज्जनगडावर राहूं लागले. थोरले बंधु १६७७ सालीं गेले, शिवछत्रपति १६८० सालीं गेले. कल्याणस्वामींना त्यांनीं परांडे भागांत, सीनेच्या कांठीं डोमगांवास पाठविलें होतें. म्हणजे लिहिणारा हातहि शेवटीं दुसऱ्या कामाला दिला. शेवटचें काम त्यांनीं मूर्तिकारावर सोंपविलें होतें. तंजावरास घडविलेल्या राम, सीता, लक्ष्मण आणि मारुति ह्यांच्या मूर्ति गडावर येऊन पोंचल्या आणि थोड्याच दिवसांत, शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस, म्हणजे १६८२ च्या जानेवारींत, समर्थांनीं देह ठेविला.

कल्याणांच्या हातची दासबोधाची प्रत डोमगांवच्या मठांत राहिली. समर्थांनीं ती स्वतः नजरेखालून घातली होती असें मानितात. सव्वादोनशें वर्षांनीं धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव ह्यांनीं तीवरून दासबोध छापविला. तें साल १९०५. देवांनीं सहकाऱ्यांसह १८९३ सालीं सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली आणि मठोमठीं हिंडून रामदासी पोथ्या गोळा केल्या. १८७१ सालीं जन्मलेले देव १९५८ सालीं वारले. ऐन तारुण्यांत घेतलेलें समर्थवाङ्मयाचें वेड त्यांना अखेरपर्यंत पुरलें. कडा झडलेल्या पानांवरून पाठ लावण्याचे कष्ट काय असतात, हें त्यांच्याइतकें कोणीं जाणलें असेल?

माझ्या सात वह्या मी आतां पुन्हां उतरीत आहें. पेन जाड टोंकाचें घेतलें आहे. अक्षर मध्यम, चारी बाजूंस दोन बोटें समास. हात कांपतो म्हणून दिवसाला दोनच ओव्या. हात फारच कांपेल त्या दिवशीं नात लिहून घेते. ती सातवींत आहे आणि तिचें अक्षर मुंगीएवढें आहे. जरा मोठें काढ म्हटलें म्हणजे ती हंसते. तिच्या वयांत मीहि हंसलों असतों. अधूनमधून एखादी नवी ओवी मलाहि सुचते, ती मी वहीच्या मागल्या बाजूस लिहितों, आईच्या ओव्यांत मिसळूं देत नाहीं.

जेथें कसरीनें शब्द खाल्ला तेथें मी तेवढी जागा कोरी सोडतों. माझी थोरली बहीण अंबडास असते. महिन्याकांठीं एकदां एस. टी. नें जाऊन मी तिला ओव्या वाचून दाखवितों. ती डोळे मिटून ऐकते, मनांतल्या मनांत जातें ओढल्यासारखा हात फिरविते, आणि एखादी ओवी एकदम पहिल्या शब्दापासून म्हणूं लागते. मागच्या खेपेस तिनें अशा तीन जागा भरल्या. एकशें चाळीस अजून कोऱ्या आहेत.